नव्या विद्येस जाब विचारणारी विदुषी

गेल्या कार्तिकात आम्ही जिवंत आहोत की नाही, असा संशय एका यंत्रास आला. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकास दरसाल नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. पूर्वी समक्ष जाऊन सही केली, की काम होई. सन २०१४ पासून यंत्रावर अंगठा टेकून हा दाखला काढण्याची सोय झाली आहे. आम्ही अंगठा टेकला. यंत्राने ओळख दिली नाही. डावा टेकला, तर्जनी टेकली, मध्यमा टेकली, व्यर्थ. समोरचा कारकून मोठा सालस मुलगा. तो म्हणाला, "मास्तर, यंत्र काही चुकत नाही. तुमच्याच बोटांवर रेघा उरल्या नाहीत." त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. पस्तीस वर्षे ज्या बोटांत खडू धरला ती बोटे गुळगुळीत झाली होती. दुसरे दिवशी कागदावर सही देऊन आम्ही पुनः हयात झालो.

घरी ही हकीकत सांगितली तेव्हा सगळे हसले. आमची थोरली पुतणी मात्र हसली नाही. ती वकिली करते. ती म्हणाली, "काका, यंत्र चुकत नाही असे ठरले, की चूक आपोआप माणसाची ठरते. हे ठरविले कोणी?" आणि दुसऱ्या खेपेस आली तेव्हा तिने एक इंग्रजी ग्रंथ आमच्या हाती ठेवला: 'द एथिक्स ऑफ इन्व्हेन्शन', म्हणजे नव्या शोधांचे नीतिशास्त्र, सन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला, कर्त्री शीला जॅसनॉफ. आमचे इंग्रजी मॅट्रिकचे. कोश उशाशी घेऊन सारा पावसाळा आम्ही तो ग्रंथ वाचला. मग पुतणीकडून ह्या बाईंच्या इतर ग्रंथांचीही माहिती मिळविली. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शीलाबाईंचा जन्म सन १९४४ मधला, भारतातला, बंगाली घराण्यातला. शिक्षण झाले ते अमेरिकेत. हार्वर्डच्या रॅडक्लिफ ह्या स्त्रियांच्या महाविद्यालयातून त्या सन १९६४ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाल्या. पुढे जर्मनीत बॉन येथे भाषाशास्त्राची एम. ए. ही पदवी, परत हार्वर्डला येऊन सन १९७३ मध्ये त्याच विषयात डॉक्टरेट, आणि तेवढ्याने समाधान न होऊन सन १९७६ मध्ये कायद्याची पदवी! गणित, व्याकरण आणि न्याय ह्या तिन्ही शास्त्रांची दारे एकाच व्यक्तीने उघडावी, हे जुन्या काशीच्या पंडितांसही मानवले असते. त्यांचे यजमान जे जॅसनॉफ हे हिंद-युरोपीय भाषांचे नामांकित अभ्यासक. हित्ती भाषेच्या आधाराने मूळ भाषेतील क्रियापदाची रचना कशी असावी ह्यावर त्यांचा ग्रंथ आहे. धातुरूपावली घोकविण्यात ज्यांचा जन्म गेला त्या आम्हांस ह्या घराविषयी विशेष आपलेपणा वाटला, हे कबूल केले पाहिजे. कन्या माया इतिहासकार, पुत्र ॲलन मेंदूचे संशोधक. असो.

दोन वर्षे बॉस्टन शहरी हवापाण्याच्या प्रदूषणासंबंधीच्या कायद्यात वकिली केल्यावर सन १९७८ मध्ये पतिपत्नी कॉर्नेल विद्यापीठात गेली. शास्त्रे आणि समाज ह्यांच्या संबंधाचा अभ्यास ही विद्याशाखा त्या काळी जेमतेम रांगत होती. कॉर्नेल येथे ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, त्याच्या पहिल्या प्रमुख शीलाबाई. सन १९९८ मध्ये त्या हार्वर्डला प्राध्यापक म्हणून गेल्या. सन २०२२ मध्ये नॉर्वे देशाचे होल्बर्ग पारितोषिक त्यांस मिळाले. वाङ्मय, समाजशास्त्रे, कायदा, ईश्वरशास्त्र इत्यादी विषयांतील विद्वत्तेचा हा फार मोठा बहुमान समजतात. सन २०२५ मध्ये तो गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक ह्यांस मिळाला. म्हणजे चार वर्षांत दोन बंगाली स्त्रिया. आमच्या वृत्तपत्रांनी ह्या गोष्टीस क्रिकेटच्या एका सामन्याइतकीही जागा दिल्याचे आम्हांस आठवत नाही.

आता मुख्य विषय. शीलाबाईंनी प्रथम हाती घेतला तो प्रश्न दिसावयास रुक्ष आहे: कारखान्यांतून निघणाऱ्या विषारी द्रव्यांवर निरनिराळी सरकारे नियंत्रण कसे ठेवतात? दोघा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व पश्चिम जर्मनी ह्या चार देशांची तुलना केली. तो ग्रंथ सन १९८५ चा. रसायन तेच, प्रयोगशाळेतले आकडे तेच. पण पुरावा कशास म्हणावे ह्याविषयी प्रत्येक देशाची चाल निराळी. एखाद्या द्रव्याने उंदरांस कर्करोग होतो असे दिसले, की अमेरिकन सरकारी खात्यांस ते मोठे कारण वाटे. मग उघड सुनावण्या, आकडेमोड आणि शेवटी कोर्टकचेरी. ब्रिटनमध्ये जाणती मंडळी बंद दाराआड बसत व माणसांवरचा परिणाम दाखवा म्हणत. दोन्हीकडचे लोक आपण शुद्ध शास्त्राप्रमाणेच चाललो आहोत असे शपथेवर सांगावयास तयार!

आमच्या पिढीस शाळेत असे शिकविले, व आम्हीही तसेच शिकविले, की शास्त्र सत्य सांगते आणि मग राजसत्तेने त्याप्रमाणे वागावयाचे. शीलाबाईंचे म्हणणे असे, की ही दोन कामे अशी एकापुढे एक होतच नाहीत. काय जाणून घ्यावयाचे, किती खात्री पुरे मानावयाची, कोणाचा शब्द प्रमाण धरावयाचा, हे ठरवितानाच समाज आपली नीती व आपली सत्ता त्यात ओतीत असतो. ज्ञान आणि समाजव्यवस्था ही एकमेकांस घडवीत असतात. ह्याचा अर्थ शास्त्र खोटे असा मुळीच नव्हे. पंचांग बरोबर असले, तरी मुहूर्त कोणत्या कार्यासाठी पाहावयाचा हे पंचांग सांगत नाही. तसेच काहीसे हे आहे, असे आम्ही आपल्या समजुतीसाठी धरून चाललो.

सन १९९० च्या 'द फिफ्थ ब्रांच' ह्या ग्रंथात त्यांनी सल्लागारांची झडती घेतली आहे. अमेरिकेत कायदे करणारी, अंमल करणारी व न्याय देणारी अशा तीन शाखा. सरकारी खात्यांस लोक चौथी म्हणतात. आणि ह्या खात्यांस शास्त्रीय सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या समित्या ही न निवडलेली पाचवी शाखा. समितीतील विद्वान 'आम्ही केवळ शास्त्र सांगतो, धोरण ठरविणे आमच्याकडे नाही' असे म्हणतात खरे. पण शास्त्र कोठे संपले व धोरण कोठे सुरू झाले ही रेघ तेच ओढीत असतात. तिकडे न्यायालयांतही हाच प्रकार. सन १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आनंदमोहन चक्रवर्ती ह्या (पुनः बंगालीच!) शास्त्रज्ञाचा खटला आला. खनिज तेल खाऊन टाकणारा जिवाणू त्यांनी तयार केला होता. सजीवावर पेटंटचा हक्क मिळतो काय? पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणाले, मिळतो. जिवंत प्राणी कोणाच्या मालकीचा शोध होऊ शकतो का, हा वेदान्त्यांसही दमविणारा प्रश्न एका मताच्या अधिक्याने सुटला, व त्यावर पुढे मोठमोठे व्यापार उभे राहिले.

ह्या सगळ्या विद्वच्चर्चेत आपला देश कोठे, असे कोणी विचारील. आपला देश भोपाळला आहे. सन १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांमधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट ह्या विषारी वायूचे सुमारे चाळीस टन बाहेर पडले व झोपलेल्या वस्तीवर पसरले. हजारो माणसे मेली. शीलाबाईंनी ह्या घटनेवर अनेक अभ्यासकांचे लेख एकत्र करून सन १९९४ मध्ये ग्रंथ संपादिला. त्यात आम्हांस टोचली ती गोष्ट ज्ञानाच्या वाटणीची. कुंपणाबाहेर राहणाऱ्यांस आत काय साठविले आहे हे ठाऊक नव्हते. रात्री रोग्यांच्या रांगा लागल्या तेव्हा डॉक्टरांस कोणत्या विषावर उपाय करावयाचा ते सांगणारे कोणी नव्हते. पुढे नुकसानभरपाईचा दावा भारत सरकारने अमेरिकेत लावला. तेथील न्यायाधीशाने सन १९८६ मध्ये तो भारतात चालवा म्हणून परत पाठविला. सन १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. आणि धडा कोण शिकले? सन १९८६ मध्येच अमेरिकेने कायदा केला, की कारखान्यात कोणती घातक द्रव्ये आहेत हे शेजारच्या वस्तीस कळलेच पाहिजे. मेले भोपाळचे लोक. जाणण्याचा हक्क मिळाला तो अमेरिकेतील शेजाऱ्यांस. आपल्याकडेही त्याच साली पर्यावरणरक्षणाचा कायदा झाला, हे न्यायासाठी नमूद करतो.

परंतु शीलाबाईंची खरी कीर्ती आहे ती जीवशास्त्रातील नव्या शोधांविषयीच्या विचारामुळे. सन १९७५ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात ॲसिलोमार येथे सुमारे दीडशे मंडळी जमली, बहुतेक शास्त्रज्ञ. एका जिवाचे जनुक दुसऱ्यात जोडण्याची युक्ती नुकतीच साधली होती. तिच्यापासून अपाय होऊ नये म्हणून त्यांनी आपणहून स्वतःवर बंधने घालून घेतली. शास्त्रज्ञांच्या आत्मसंयमाचे उदाहरण म्हणून ह्या सभेचे गोडवे आजतागायत गातात. शीलाबाई आदर ठेवून विचारतात: चर्चेचा विषय कोणी ठरविला? प्रयोगशाळेतून जंतू निसटेल काय, एवढाच प्रश्न तेथे घेतला गेला. ह्या विद्येने माणसाचे, शेतीचे, मालकीचे काय होईल, हे बाजूस राहिले. आणि ज्यांस ते सोसावयाचे ते लोक बोलावलेच नव्हते.

पुढच्याच वर्षी निराळा प्रकार घडला. हार्वर्ड विद्यापीठ ज्या केंब्रिज गावात आहे तेथे असे प्रयोग करण्यासाठी प्रयोगशाळा बांधावयाची होती. गावचे महापौर आल्फ्रेड व्हेलुच्ची ह्यांनी सभा बोलावून विद्वानांस सर्वांसमक्ष प्रश्न विचारले व काही महिने काम थांबविले. मग शास्त्रज्ञ नसलेल्या साध्या नागरिकांची समिती नेमली. विद्वान घाबरले, की आता अज्ञान्यांच्या हाती कारभार गेला. पण समितीने महिनोन् महिने बसून विषय समजून घेतला आणि अधिक काळजीच्या अटी घालून प्रयोगांस परवानगी दिली. सन १९७७ मध्ये गावाने तसा नियम केला. हेच केंब्रिज पुढे ह्या विद्येच्या उद्योगाचे जगातले एक मोठे ठाणे झाले! लोकांस विचारले तर प्रगती अडते, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

गर्भाविषयीचे नियमही असेच देशोदेशी भिन्न. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक ह्या तत्त्वज्ञ बाईंच्या समितीने सन १९८४ मध्ये सुचविले व सन १९९० मध्ये कायदा झाला, की प्रयोगशाळेतील मानवी भ्रूणावर चौदा दिवसांपर्यंतच संशोधन करावे. जर्मनीने, नाझी राजवटीत वैद्यांनी केलेल्या अघोर कृत्यांची आठवण ताजी असल्याने, फलन झाल्या क्षणापासून त्यास संरक्षण दिले. अमेरिकेत सरकारी पैसा बंद, खासगी पैशास मोकळीक. शीलाबाईंनी सन २००५ च्या 'डिझाइन्स ऑन नेचर' ह्या ग्रंथात दाखविले आहे, की तिन्ही देशांस शास्त्र सारखेच ठाऊक होते. पण आपण कोण आहोत व आपणांस कशाची भीती वाटते, ह्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या इतिहासातून काढले. सन २०१८ मध्ये एका चिनी शास्त्रज्ञाने जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मास आल्याचे जाहीर केले तेव्हा जग दचकले, व त्यास पुढे तुरुंगवासही झाला. पण त्याच्याही आधी त्या वर्षी शीलाबाई व त्यांचे एक सहकारी लिहून चुकले होते, की अशा विषयांवर नजर ठेवण्यास साऱ्या जगाची, सर्व संस्कृतींची मिळून एक वेधशाळा पाहिजे.

ह्या साऱ्या खटाटोपाचे सार सन २००३ च्या त्यांच्या एका निबंधात आले आहे. त्यात त्या विनयाची तंत्रे मागतात. भविष्याचा अंदाज आकड्यांनी बांधून 'सर्व काही आटोक्यात आहे' म्हणणारी तंत्रे पुष्कळ झाली, ती गर्वाची. आता जेथे आपले ज्ञान अपुरे आहे तेथे चार गोष्टी विचारा. हा प्रश्न मुळात मांडला कोणी, आणि असाच का मांडला? इजा होण्याजोगे कोण आहे? लाभ कोणाच्या वाट्यास व हानी कोणाच्या? आणि मागल्या वेळी फसलो त्यातून काय शिकलो? विद्या आणि विनय ही जोडी आमच्या शाळेच्या भिंतीवर तैलरंगात रंगविलेली होती. विनय म्हणजे विद्यार्थ्याने मान खाली घालून बसणे, असाच तिचा अर्थ आम्ही इतकी वर्षे लावीत आलो. विद्येनेही विनय बाळगावा, हे सुचले नाही.

शीलाबाईंवर टीकाही आहे, व ती सर्वस्वी खोटी नाही. शास्त्रज्ञांचा शब्द अखेरचा नव्हे असे एकदा म्हटले, की लस नको म्हणणारा आणि जडीबुटी विकणारा दोघेही तोच मुद्दा उचलतात. साथीच्या वेळी हे सर्वांनी पाहिले. आम्हांसही वाचताना कित्येकदा वाटले, की बाई प्रश्न फार छान विचारतात, पण संध्याकाळपर्यंत निर्णय ज्यास द्यावयाचा त्या मामलेदाराने काय करावे? त्यांनी व सहकाऱ्यांनी सोळा देशांतील करोनाच्या साथीचा तौलनिक अभ्यास केला; सन २०२१ च्या आरंभी त्याचा वृत्तांत निघाला. सारांश असा, की जेथे लोकांचा राज्यकर्त्यांवर व एकमेकांवर आधीपासूनच विश्वास नव्हता तेथे उत्तम शास्त्रही लंगडे पडले. विश्वास औषधाच्या बाटलीतून येत नाही. तो आधीच्या वागणुकीतून साठतो. आमच्या शंकेचे हे पुरते उत्तर नव्हे, पण उत्तराचा अर्धा भाग आहे.

आता जे लिहावयाचे ते लिहू की नको, ह्यात आमचे आठ दिवस गेले.

आपल्या महाराष्ट्राने ह्या बाबतीत सबंध देशाच्या आधी एक पाऊल टाकले आहे. गर्भजलपरीक्षा ही गर्भातील रोग ओळखण्याची युक्ती. ती आपल्याकडे आली आणि थोड्याच काळात तिचा उपयोग मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी होऊ लागला. मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी व काही डॉक्टरांनी आवाज उठविला. सन १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे भारतातील पहिले राज्य. सन १९९४ मध्ये संसदेने सर्व देशासाठी तसाच कायदा केला.

आमच्या घरास तीन वर्षे उशीर झाला. सन १९८५ ची गोष्ट. आमच्या थोरल्या बंधूंस दोन मुली होत्या. वहिनींस तिसऱ्यांदा दिवस गेले होते. शहरातल्या एका रुग्णालयात ही परीक्षा होते असे कोणी सांगितले. ओटीवर बैठक बसली. मातोश्री होत्या, बंधू होते, आम्ही होतो. आम्ही पंचविशीतले, नुकतेच मास्तर झालेले, घरातले 'शिकलेले'. मातोश्रींच्या मनात धाकधूक होती. आम्हीच त्यांची समजूत घातली, की शास्त्राने जे कळते ते कळून घेण्यात पाप कसले? वहिनी त्या वेळी स्वयंपाकघरात होत्या. परीक्षेचा निकाल मुलगी असा आला. पुढे काय झाले ते वाचकांनी ओळखावे. घरात मुली दोनच राहिल्या. थोरली ती वकील पुतणी.

परवा संध्याकाळी ओटीवर आम्ही हा लेख पुतणीस वाचून दाखवीत होतो. वहिनींची आता सत्तरी उलटली आहे. त्या जवळच तांदूळ निवडीत बसल्या होत्या. ते चार प्रश्न वाचून झाले, तेव्हा त्या सुपातून डोके वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, त्या बाईंनी एक विचारायचे राहिले का हो? ज्याच्यासाठी बैठक बसते, तो बैठकीत असतो का?"

आम्ही म्हणालो, "ते त्यांनी पहिल्यापासूनच विचारले आहे, वहिनी."

"मग लिहा," त्या म्हणाल्या. "माझेही लिहा. नाव नका घालू."